‘काही घेऊ नका’ म्हणणाऱ्याला फी कोण देणार?

ॲग्रीची डिग्री हातात आहे, एमपीएससीचा फॉर्म भरलाय आणि प्लॅन बी म्हणून कृषी सेवा केंद्र डोक्यात आहे? जरा थांबा. माल न विकता शेतकऱ्याला फक्त सल्ला देणारा माणूस होता येतं का? आणि त्यात पोट भरतं का?

कपाशीची पानं लाल पडायला लागली की शेतकरी काय करतो? दोन-चार पानं तोडतो, खिशात घालतो आणि बाजाराच्या दिवशी कृषी सेवा केंद्रात जाऊन काउंटरवर ठेवतो. दुकानदार पानं उलटीपालटी करून बघतो, मागच्या फळीवरून एक बाटली आणि एक पुडी काढतो. ‘सोबत हे टॉनिक पण मारा’ असंही सांगतो. तपासणी, निदान, औषध आणि बिल, सगळं ५ मिनिटांत.

तुमच्या गावाकडं हे चित्र तुम्ही पाहिलेलं असणारच. यात दुकानदार वाईट माणूस आहे असं मुळीच नाही. उधारीवर माल तोच देतो आणि रात्री फोनही तोच उचलतो. कृषी सहायकाकडं एकापेक्षा जास्त गावं, वर योजनांची कागदपत्रं. तो प्रत्येक बांधावर पोचणार कसा?

पण एक गोष्ट बघा. कपाशीची पानं लाल पडण्याची कारणं अनेक असू शकतात. मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, रात्रीचं तापमान एकदम उतरलं किंवा शेतात पाणी साचून मुळं गुदमरली. या शेवटच्या कारणावर उपाय काय? चर काढून पाणी शेताबाहेर काढणं. आता तुम्हीच सांगा, चर कुठल्या बाटलीत मिळतो?

विकण्यासारखं काहीच नाही

सगळी गोम इथंच आहे. माती आणि पाणी वाचवणारे बहुतेक सल्ले असे असतात की त्यात विकण्यासारखं फारसं काही नसतंच. उताराला आडवी पेरणी करा. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या, म्हणजे जास्तीचा पाऊस सरीतून निघून जाईल आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकेल. काडीकचरा जाळू नका. माती तपासा आणि जे कमी आहे तेवढंच खत टाका.

सोयाबीनच्या बियाण्याचंच घ्या. हे स्वपरागीभवन होणारं पीक आहे, त्यामुळं सरळ वाणाचं चांगलं राखलेलं घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीलायक. खर्च शून्य. हा सल्ला जो देईल त्याच्या दुकानातून त्या दिवशी बियाण्याची पिशवी खपणार नाही. मग हा सल्ला त्यानं का द्यावा?

आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वेगवेगळी औषधं एकत्र मिसळणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं, डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात फवारणं अशी कारणं तेव्हा पुढं आली. ‘हे दोन एकत्र मिसळू नका, आज फवारूच नका’ असं बांधावर येऊन सांगणारं कुणीतरी असायला हवं होतं. असं सांगण्यानं ज्याचं नुकसान होत नाही, असं कुणीतरी.

४५ दिवसांचं ट्रेनिंग

असा माणूस तयार व्हावा म्हणून केंद्र सरकारची एक योजना २००२ पासून आहे. नाव ‘ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटर’. हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था तिचं प्रशिक्षण बघते आणि कर्जाशी जोडलेलं अनुदान नाबार्डमार्फत येतं. कृषी आणि संलग्न शाखांचे पदवीधर, पदविकाधारक यांना ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत मिळतं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्यासाठी २० लाखांपर्यंत आणि ५ जणांच्या गटासाठी १ कोटीपर्यंतचा प्रकल्प धरला जातो. त्यावर ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे नियम मात्र नक्की बघून घ्या.

या योजनेत एक अट आहे, ती नीट वाचा. प्रशिक्षण घेतलेल्यानं शेतकऱ्याला सल्ला-सेवा दिलीच पाहिजे. ती पैसे घेऊन द्यायची की फुकट, हे ज्याच्या त्याच्या धंद्याच्या गणितावर सोडलंय. आता धंद्याचं गणित काय सांगतं? बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो आणि सल्ल्याची फी द्यायची सवय गावात कुणालाच नाही. मग पोरगं खतं-औषधं ठेवायला लागतं. सल्ला फुकट, बाटलीवर मार्जिन. म्हणजे फिरून आपण त्याच काउंटरवर!

त्यामुळं प्रश्न ट्रेनिंगचा नाही आणि हुशारीचा तर नाहीच. प्रश्न एकच: सल्ल्याचे पैसे कोण देणार?

अमेरिकेनं काय केलं?

याचं एक उत्तर अमेरिकेत सापडतं. १९३० च्या दशकात तिथल्या मैदानी प्रदेशात नांगरून उघडी पडलेली माती दुष्काळात अक्षरशः उडून गेली. धुळीच्या वादळांनी आकाश काळं झालं. त्यानंतर १९३५ मध्ये सरकारनं मृदसंधारणासाठी वेगळं खातं काढलं. हे खातं शेतकऱ्याला शेतावर येऊन आराखडा करून द्यायचं. पण पुढं योजना वाढल्या आणि सरकारी माणसं कमी पडायला लागली. (ओळखीचं वाटतंय ना?) म्हणून २००२ च्या शेती कायद्यात खासगी सल्लागारांना दार उघडलं. त्यांना ‘टेक्निकल सर्व्हिस प्रोव्हायडर’ म्हणतात.

हे चालतं कसं? तुमचं शिक्षण, अनुभव किंवा आधीचा एखादा परवाना दाखवायचा, ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण करायचं, मग सरकारी खातं तुम्हाला प्रमाणपत्र देतं. तेही सरसकट नाही. खत व्यवस्थापन, कुरण, सिंचन, वनशेती असे विषय वेगवेगळे आहेत. ज्यात तुम्ही पात्र, त्यातच काम. तुमचं नाव जाहीर यादीत येतं आणि शेतकरी त्या यादीतून आपला सल्लागार स्वतः निवडतो. फी शेतकरीच देतो, पण संधारणाच्या योजनेत त्या कामासाठी त्याला ठरलेल्या दरानं मदत मिळते. सल्लागाराचं पोट खताच्या पोत्यावर अवलंबून राहत नाही.

तिथं सगळं आलबेल आहे असं नाही हं. कागदपत्रं इतकी किचकट झाली होती की २०१८ च्या कायद्यात ‘प्रमाणपत्राची प्रक्रिया सुटसुटीत करा’ असं सांगावं लागलं. पण चर काढायला सांगण्याची पण किंमत असते आणि ती कुणीतरी द्यावी लागते, हे त्यांनी मान्य केलं.

आपल्याकडं पैसे कुठून येतील?

आपल्याकडं असं काहीच नाही, असं समजू नका. तीन वाटा आत्ताही दिसतात.

पहिली वाट, थेट फी. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात खासगी सल्लागार फी घेऊन बागेला भेटी देतात, तिथं यात कुणाला नवल वाटत नाही. कारण बागेत एका चुकीनं लाखाचं नुकसान होतं. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला मात्र अशी फी एकट्यानं परवडणार नाही.

दुसरी वाट त्याच्यासाठीच आहे, गटाची. समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीचे १०० सभासद आहेत आणि प्रत्येकाचं ३ एकर सोयाबीन. हंगामाला एकरी २०० रुपये काढले तर ६० हजार होतात. एकट्या शेतकऱ्याचा वाटा ६०० रुपये. असे २-३ गट जोडले की एका पदवीधराचा हंगाम उभा राहतो. फक्त कंपनी स्वतः खतं-औषधं विकत असेल, तर तुमची फी त्या विक्रीला बांधलेली नसावी, एवढं आधी लिहून घ्या.

तिसरी वाट म्हणजे योजनेतून मानधन. कृषी सखी हे त्याचंच उदाहरण. केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांनी ऑगस्ट २०२३ मध्ये करार केला, बचत गटांतल्या महिलांना ५६ दिवसांचं प्रशिक्षण देऊन प्रमाणित करायला सुरुवात झाली आणि पहिल्या १२ राज्यांत महाराष्ट्र आहे. जून २०२४ मध्ये ३० हजारांहून जास्त जणींना प्रमाणपत्रं मिळाली. माती परीक्षण, नैसर्गिक शेती, शेतीशाळा अशा कामांचं त्यांना मानधन मिळतं, विक्रीवर कमिशन नाही. गावातल्या बाईला जे जमू शकतं, ते ॲग्रीच्या पदवीधरानं कमीपणाचं का मानावं? उलट दोघांनी मिळून काम केलं तर तिची गावातली ओळख आणि तुमची प्रयोगशाळेतली समज एकत्र येईल.

तुम्ही काय करू शकता?

शेवटच्या वर्षाला असाल तर ग्रामीण कार्यानुभवाच्या काळात फक्त फाइल भरू नका. १० शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने स्वतः काढा. नागमोडी चालत, व्ही आकाराचा खड्डा घेऊन, सगळी माती एकत्र करून, चार भाग करत अर्धा किलोवर आणायची, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. हातानं किती जणांनी केलंय? समपातळीची रेषा आखायला शिका. कीटकनाशकाच्या लेबलवरचा त्रिकोण वाचून दाखवायला शिका. लाल रंग म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आणि हंगामाच्या शेवटी शेतकऱ्याचा किती खर्च वाचला, ते वहीत लिहून ठेवा. फी मागताना डिग्रीच्या कागदापेक्षा ही वही जास्त कामाला येईल.

घरी शेती असेल आणि सल्लागार नेमायचा असेल, तर बाबांना किंवा काकांना हे ५ प्रश्न विचारायला सांगा:

१. तुमचं शिक्षण आणि प्रमाणपत्र कशातलं आहे? ज्या पिकाचा सल्ला देताय त्याचा अनुभव किती?

२. आमच्या खरेदीवर तुम्हाला कुठल्या दुकानाकडून किंवा कंपनीकडून काही मिळतं का?

३. शेत न बघता, माती न तपासता सल्ला देणार का? (‘हो’ म्हणाले तर चहा पाजून निरोप द्या.)

४. सांगितलेलं औषध या पिकासाठी, या किडीसाठी लेबलवर आहे का? सल्ला लिहून, तारीख टाकून द्याल का?

५. मागच्या हंगामात तुम्ही कुणाला ‘काही घेऊ नका’ असं सांगितलंत का? त्या शेतकऱ्याचा नंबर द्याल?

पाचव्या प्रश्नाला ज्याच्याकडं पटकन नंबर निघेल, त्याची फी घासाघीस न करता द्या. आणि तुम्ही स्वतः या कामात उतरणार असाल, तर असे दोन-चार नंबर यंदाच्या खरिपातच जमवायला लागा.