मीठफुटी रान आणि सोयाबीनचं बी

बचत गटाच्या कामानं मी शिरोळ तालुक्यात जाते, तेव्हा कितीतरी रानं पांढरी पडलेली दिसतात. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं, निचरा झाला नाही आणि खालचं मीठ वर आलं. अशा रानात सोयाबीन पेरलं, की पानं करपतात, शेंगा नीट भरत नाहीत. बियाणं, खत सगळं पाण्यात. मग घरातल्या बाईचं डोरलं गहाण पडतं.

म्हणूनच मैत्रिणींनो, हे संशोधन मला मोलाचं वाटतं. २०१४ साली चीन आणि ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांना ‘तिएफेंग ८’ या चिनी वाणात एक जनुक सापडलं. ते मुळांत काम करतं आणि मीठ पानांपर्यंत फारसं पोचू देत नाही. उंबऱ्यावरच अडवतं म्हणा ना! त्याच वर्षी हाँगकाँगच्या संशोधकांना ते जंगली सोयाबीनमध्येही मिळालं. मीठ न सोसणाऱ्या कित्येक वाणांत ते बिघडलेलं असतं. चांगल्या जमिनीत त्याची गरज कुणाला भासणार?

आता जास्त उतारा देणाऱ्या वाणाशी अशा वाणाचा संकर करतात, आणि जनुक उतरलंय का, ते कोवळ्या रोपातच तपासतात. जपानी शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवलं, की खाऱ्या शेतात या जनुकामुळे उत्पन्न तिपटीहून जास्त येतं.

अर्थात, नुसत्या बियाण्यानं रान गोडं होत नाही, बरं का. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून मीठ धुऊन काढावं लागतं. त्याच्या कर्जाला सातबारा लागतो, आणि आमच्या गटातल्या मोजक्याच बायकांचं नाव त्यावर आहे.