विरळ हवेत टर्बोची कसरत

लेहहून चाळीसेक किलोमीटर चढून खारदुंग ला ही खिंड गाठली की गाडी साधारण 5,360 मीटरवर पोचलेली असते. (तिथल्या पाटीवर अनेक वर्षं 18,380 फूट असा आकडा होता, खरी उंची त्याहून सात-आठशे फुटांनी कमी. फोटो मात्र पाटीसकटच काढायचा असतो.) इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, एकवीस टक्के. पण मुळात हवाच निम्मी.

इंजिनाचं घोडं पेट्रोलवर नाही, हवेवर अडतं. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे चाळीस लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत गाडीने सव्वाचारशे किलोंहून जास्त हवा गिळलेली असते! आपण पैसे मोजतो ते पेट्रोलचे, म्हणून या फुकटच्या मालाकडे लक्ष जात नाही. खारदुंग लाला ते जातं. बिनटर्बोची शंभर अश्वशक्तीची गाडी तिथे पन्नास-साठवर येते.

टर्बोवाली गाडी मात्र बऱ्यापैकी टिकून राहते, आणि कशी ते पाहण्यासारखं आहे. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर वाटेत एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. चाक चार-पाच सेंटिमीटरचं, पण फेरे मिनिटाला दोन लाखांपर्यंत. एवढ्या वेगात त्याची कड आवाजालाही मागे टाकते.

आता हिशेब बघा. मुंबईत टर्बोला हवेचा दाब दुप्पट करायचा असेल, तर इंजिनात तेवढाच दाब ठेवण्यासाठी खारदुंग लाला जवळजवळ चौपट करावा लागेल. एवढी ताकद आणायची कुठून? थोडी शिल्लक असते. सखल भागात टर्बोने हद्दीबाहेर पळू नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप बराचसा धूर परस्पर बाहेर सोडून देते. वर गेल्यावर हवेचा दाब मोजणारा सेन्सर कळवतो, झडप मिटते आणि वाया जाणारा धूरही कामाला लागतो. दुसरी मदत तर मला भलतीच आवडते: बाहेरची हवा विरळ, म्हणून धुराला बाहेर पडताना अडवणारा दाबही कमी. ज्या विरळपणाने इंजिनाचा घास हिरावला, तोच टर्बोचं चाक फिरवायला हातभार लावतो.

पण यालाही मर्यादा आहे. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो, तसंच. दुप्पट दाबलेली हवा टर्बोतून सव्वाशे अंशांच्या आसपास निघते. चौपट दाबली तर, बाहेर कडाक्याची थंडी असूनही, दोनशेच्या जवळ जाईल. तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरवरूनही विरळच हवा वाहते. त्यात चाकाच्या वेगालाही हद्द. म्हणून गाडीचा कंप्युटर वेळीच हात आखडता घेतो, आणि टर्बोवाल्या गाडीचीही थोडी ताकद जातेच.

खरी फजिती होते हेअरपिन वळणावर. समोरून ट्रक आला, आपण थांबलो, आणि आता चढावर उठायचं आहे. इंजिन मंद, धूर कमी, म्हणून टर्बो झोपलेला. तो जागा होईपर्यंत एक लिटरचं टर्बो इंजिन म्हणजे एक लिटरचं साधं इंजिन, तेही अर्धपोटी. पाय दाबला तरी गाडी ढिम्म. मग अचानक झेपावते. जाणते ड्रायव्हर अशा ठिकाणी पहिला गिअर सोडत नाहीत आणि आरपीएम पडू देत नाहीत. नवखे क्लच जाळतात.

धुरावर चाक फिरवायची ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड बुखीची, 1905च्या पेटंटातली. पण उंचीवरची तिची करामत दिसली पहिल्या महायुद्धात. विमानं वर गेली की इंजिनं मलूल पडत. 1918 साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर, 14 हजार फुटांवर नेलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं इंजिन वर 230वर आलं. टर्बो जोडला आणि आकडा गेला 356वर, म्हणजे खालच्यापेक्षाही जास्त!

बरोबर शंभर वर्षांनी, 2018 साली, याच डोंगरावरची चढाईची शर्यत फोक्सवागनच्या आयडी.आर गाडीने आठ मिनिटांच्या आत संपवली. तोवर ते कुणालाच जमलं नव्हतं. ही गाडी विजेची, तिला जाळायला हवा लागतच नाही. पण वळणावर चाकं रस्त्याला चिकटून राहावीत म्हणून गाडीला वरून दाबणारी हवा हवीच, आणि तिथे ती विरळ. म्हणून तिच्या पाठीवर अवाढव्य पंख बसवावा लागला.