फसलेले अपग्रेड: विंडोज ११ बद्दलचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि त्यामुळे जुन्या डेस्कटॉप संगणकांवर विंडोज ११ चढवण्याची निकड निर्माण झाली. या प्रक्रियेत संगणक आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतो, पडद्यावरची टक्केवारी पुढे सरकते आणि काही वेळा सारे उलटून यंत्र पुन्हा विंडोज १० वर येऊन थांबते. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारा’, आणि त्यामागचा समज असा की अपग्रेड फसले म्हणजे मूळ प्रणालीच बिघडली. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. जुन्या प्रणालीकडे परत येण्याची ही क्रिया, जिला ‘रोलबॅक’ म्हणतात, बिघाडाची खूण नसून अपग्रेडच्या रचनेतच योजलेले संरक्षण आहे; ते यशस्वी झाले म्हणूनच संगणक पुन्हा सुरू होतो. फॉरमॅट केल्याने दोषाचे कारण कळत नाही, उलट ते सांगणाऱ्या नोंदी तेवढ्या पुसल्या जातात.

त्रुटीचा संकेतांक म्हणजे निरर्थक अक्षरांची जुडी, हा दुसरा समज तर सर्वांत महागात पडणारा आहे. अपग्रेड चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात जुनी विंडोज चालू असतानाच फायली उतरवून तपासणी होते. दुसऱ्यात ‘सेफ ओएस’ ही छोटी तात्पुरती प्रणाली सुरू होऊन नव्या फायली जागेवर ठेवते. तिसऱ्यात नवी विंडोज प्रथमच उभी राहते आणि ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या प्रत्येक भागाशी प्रणालीचा संवाद घडवणारी छोटी सॉफ्टवेअरे, कामाला लागतात. चौथ्यात दुसऱ्यांदा सुरू होऊन उरलेली मांडणी पूर्ण होते. पडद्यावर उमटणाऱ्या जोडसंकेतांकाचा पहिला भाग दोषाचा प्रकार सांगतो, तर दुसऱ्या भागातील ‘०एक्स’ नंतरचा पहिला अंक तो दोष कोणत्या टप्प्यात उद्भवला हे सांगतो. ‘०एक्ससी१९००१०१ – ०एक्स३००१८’ असा संकेतांक आला, तर अडथळा तिसऱ्या टप्प्यात आला आणि तो बहुधा न जुळणाऱ्या ड्रायव्हरचा आहे, एवढे तरी तिथेच कळते. ‘०एक्स८००७००७०’ हा मात्र निव्वळ जागा अपुरी असल्याचा निरोप असतो. अधिक तपशील हवा असल्यास मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन नोंदी तपासून संभाव्य कारण सांगते. तेच अपग्रेड काहीही न बदलता पुन्हापुन्हा चालवणाऱ्यांनी या साधनाला थोडा वेळ दिला, तर पुष्कळ वेळ वाचेल.

ड्रायव्हरचा संशय असेल तेव्हा कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर सोडून बाकीची जोडलेली उपकरणे काढून ठेवावीत, मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावरून चिपसेट व साठवणुकीचे ड्रायव्हर ताजे करावेत आणि बाहेरून घेतलेले अँटिव्हायरस केवळ थांबवून न ठेवता अनइन्स्टॉल करावे, कारण त्याचे स्वतःचे ड्रायव्हर थांबवल्यानंतरही प्रणालीत राहू शकतात.

यंत्र अपात्र असल्याचा निष्कर्षही घाईने काढला जातो. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, म्हणजे सुरक्षा-किल्ल्या साठवणारा विश्वासार्ह घटक. पण तो नेहमी वेगळ्या चिपच्या रूपातच असतो असे नाही. इंटेलच्या संगणकांत तो ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या संगणकांत ‘एफटीपीएम’ या नावाने फर्मवेअरमध्येच असतो आणि जोडणी केलेल्या अनेक डेस्कटॉपमध्ये तो बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. तो चालू करणे पुरेसे असताना नवा मदरबोर्ड सुचवणे हा सल्ला नव्हे, विक्री होय. सुरू होतानाच प्रणालीची सत्यता तपासणाऱ्या सिक्युअर बूटबाबतही गोंधळ आहे: अधिकृत अट यंत्राची तशी क्षमता असण्याची आहे, ते चालू असण्याची नव्हे. मात्र जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होणारा संगणक बायोसमधून थेट त्यासाठी लागणाऱ्या यूईएफआय या नव्या पद्धतीवर नेल्यास विंडोज उघडतच नाही, कारण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते. ती आधी विंडोजमधील ‘एमबीआर२जीपीटी’ साधनाने नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते आणि बायोसमधला बदल त्यानंतर करावा लागतो. हा क्रम उलटा केल्याने संगणक ‘मेला’ असे समजून दुरुस्तीला नेला जातो, वास्तविक बायोसमधली निवड पूर्ववत केली की तो पुन्हा सुरू होतो. प्रोसेसरची अट मात्र खरी आहे. इंटेलच्या सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरना अधिकृत यादीत स्थान नाही आणि त्यावर बायोसमध्ये उपाय नाही.

जागेबाबत दोन समज एकमेकांत मिसळतात. चौसष्ट जीबी ही अट डिस्कच्या एकूण क्षमतेची आहे, मोकळ्या जागेची नव्हे. दुसरीकडे, सी ड्राइव्हवर शेकडो जीबी मोकळे असूनही ‘सिस्टीम रिझर्व्हड पार्टिशन’ अद्ययावत करता आले नाही असा संदेश येऊ शकतो, कारण तो विभाग वेगळा, लपलेला आणि अनेकदा केवळ १०० एमबीचा असतो. विविध भाषांच्या फॉन्ट फायली आणि काही सॉफ्टवेअरांच्या नोंदी यांनी तो भरून जातो.

टक्केवारी थबकली की बटण दाबून संगणक बंद करणे हेही चुकीचेच, विशेषतः डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर, कारण जुन्या हार्डडिस्कवर एकेक टप्पा तासभरही चालू शकतो.

अपग्रेडमध्ये वैयक्तिक फायली जातात, ही भीती सहसा अनाठायी असली तरी ती निव्वळ कल्पित नाही. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी आली आणि काही वापरकर्त्यांच्या फायली पुसल्या गेल्याचे उघड झाल्याने अवघ्या चार दिवसांत तिचे वितरण थांबवावे लागले. डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरे दुसऱ्या जागी वळवलेली, पण काही फायली जुन्याच जागी राहिलेल्या, अशा संगणकांना त्याचा फटका बसला; दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा आली. अपग्रेडनंतर उरणारे ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर म्हणजे बॅकअप, हा समजही म्हणूनच सोडून द्यावा. ते जुन्या आवृत्तीकडे परतण्यासाठी ठेवलेले असते आणि सर्वसाधारणतः १० दिवसांनी आपोआप काढून टाकले जाते. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि डिस्कवरील माहिती कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी-की कागदावर, ही तयारी अपग्रेड सुरू करण्यापूर्वीच करून ठेवावी.