वीजदर ठरण्याआधी बोला

वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार वितरण कंपनीला दराची याचिका संक्षेपाने प्रसिद्ध करावीच लागते. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन विद्युत नियामक आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे पुण्याची ‘प्रयास’ संस्था आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहकांची बाजू चिकाटीने मांडली आहे.

पण याचिका शेकडो पानांची आणि आकडे कोटींत. सामान्य माणूस तिथेच थबकतो. डिझाइन थिंकिंग या पद्धतीची सुरुवात नेमकी याच माणसापासून होते: आधी त्याची अडचण समजून घ्यायची, मग मसुदा करायचा, तो त्यालाच वाचायला द्यायचा आणि तो अडेल तिथे बदलायचा. महावितरणचे घरगुती बिलच घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे आयोगाच्या आदेशाने ठरतात. वीज शुल्क मात्र राज्य सरकार लावते. एवढे बिलावरच ठळक छापले, तरी हरकत योग्य दारी पोहोचेल.

हरकत साध्या मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. पुढची जाहीर सूचना वर्तमानपत्रात दिसली, की बिल समोर ठेवून जरूर लिहा.