डिसेंबरचं मूल आणि नर्सरीची घाई

महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबर ही मानीव तारीख धरतात. ज्या वर्षी प्रवेश हवा, त्या वर्षीच्या या तारखेला मुलाला तीन वर्षं पूर्ण होत असली की ते पात्र. ऐकायला सरळ आहे, पण हिशेब मांडून बघा. शाळा जूनमध्ये सुरू होते. 28 डिसेंबरला जन्मलेलं मूल त्या जूनमध्ये पुरतं अडीच वर्षांचंही नसतं, आणि त्याच्या शेजारी बसलेलं जानेवारीतलं मूल जवळजवळ साडेतीन वर्षांचं असतं. शहरांतल्या बऱ्याच खासगी शाळांचे फॉर्म तर आदल्या हिवाळ्यातच निघतात. म्हणजे आईबाबा फॉर्म भरतात तेव्हा या बाळाचा दुसरा वाढदिवस नुकता झालेला असतो.

तरीही घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "वयात बसतंय ना, मग घालून टाका." मानीव तारीख प्रशासनाच्या सोयीसाठी असते. कुठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून ती ओढलेली आहे. तिच्यावरून मुलाला प्रवेश मिळू शकतो एवढंच कळतं. ते मूल तीन तास आईवाचून, वीस अनोळखी मुलांत राहू शकेल का, हे त्या तारखेला ठाऊक नसतं.

दुसरी समजूत याहून घट्ट आहे, ती म्हणजे नर्सरी सक्तीची असते. तसं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मोफत आणि सक्तीचं शिक्षण 6 ते 14 या वयासाठी आहे. त्याआधीच्या बालशिक्षणाची सोय करावी अशी जबाबदारी राज्यघटनेच्या 45 व्या अनुच्छेदाने सरकारवर टाकली आहे. पालकांवर सक्ती केलेली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यातली पहिली तीन वर्षं अंगणवाडी, बालवाडी किंवा बालवाटिकेची ठेवली. म्हणजे धोरणातही आरंभ तीन वर्षं झाल्यावरच आहे. गुजरात उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तर स्पष्ट सुनावलं की तीन वर्षं पूर्ण नसलेल्या मुलाला पूर्वप्राथमिक शाळेत जायला लावणं बेकायदेशीर आहे. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत या नियमाविरुद्ध काही पालक तिथे गेले होते. गुजरातचे नियम गुजरातपुरते, हे खरं. पण घाई पालकांचीच असते, हे त्या खटल्यातून चांगलं दिसलं.

"यंदा घातलं नाही तर वर्ष वाया जाईल." हे वाक्य आजी, शेजारच्या काकू आणि शाळेच्या काउंटरवरची मॅडम अशा तिघींकडून आलं की भलेभले डळमळतात. डिसेंबरचं मूल एक वर्ष थांबलं तर ते साडेतीनचं असताना नर्सरीत जाईल आणि साडेसहाचं असताना पहिलीत. यात वाया काय गेलं? शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) 25 टक्के राखीव जागांसाठी अलीकडच्या वर्षांत नर्सरीची वरची वयोमर्यादासुद्धा जवळपास साडेचार वर्षांची आहे, तेव्हा तिथेही थांबलेलं मूल बाद होत नाही. बदलीची नोकरी असणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी 31 मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात. आपल्याकडे घाईने पुढे सरकलेलं डिसेंबरचं मूल तिथे वयात बसत नाही.

वर्गातलं सगळ्यात लहान मूल असण्याची किंमतही असते. अमेरिका, कॅनडा, तैवान अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली: एकाच वर्गातल्या मोठ्या मुलांपेक्षा सर्वांत लहान मुलांवर अतिचंचलतेचा, म्हणजे एडीएचडीचा, शिक्का जास्त बसतो. त्यातली कित्येक मुलं आजारी नव्हतीच, फक्त लहान होती. हा फरक वय वाढेल तसा कमी होत जातो. पण नर्सरीत एक वर्षाचं अंतर म्हणजे लहान मुलाच्या आजवरच्या आयुष्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. "तुमचा मुलगा एका जागी बसत नाही," अशी तक्रार आली, तर आधी त्याचा महिना बघा.

मग लवकर गेलेलं मूल पुढे राहतं, हे कुठून आलं? त्याला थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1962 मध्ये पेरी प्रीस्कूल प्रकल्प सुरू झाला. गरीब घरांतली 123 मुलं त्या अभ्यासात होती. ज्यांना शाळा मिळाली त्यांचं पुढचं शिक्षण आणि कमाई, शाळा न मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. चाळिशीपर्यंत त्यांचा माग घेतला गेला. पूर्वप्राथमिक शाळांच्या जाहिरातींमागे फिरूनफिरून हाच युक्तिवाद असतो. पण ती मुलं तीन-चार वर्षांची होती, पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक होता आणि शिक्षक दर आठवड्याला घरी येऊन आईशी बोलत होते. याउलट टेनेसी राज्याच्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांचा अभ्यास आहे. तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळालेली मुलं सहावीत पोहोचेपर्यंत, प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा गुणांत आणि वागणुकीतही मागे पडलेली दिसली. पूर्वप्राथमिक वर्ग लाभदायक ठरतो की तोट्याचा, हे त्या खोलीत दिवसभर काय चालतं यावर ठरतं. "किती लवकर" हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि आपल्या बहुतेक खोल्यांत चालतं काय, तर लिखाण. नर्सरीच्या पहिल्याच सहामाहीत वहीत ठिपके जोडून ए, बी, सी. अनेक पालकांना ही चांगल्या शाळेची खूण वाटते, आणि "पेन्सिल धरता येते, म्हणजे तयार आहे" असा उलटा निष्कर्षही ते काढतात. मूल चित्र कसं काढतं ते बघितलं की यातली गडबड कळते. साधारण तिसऱ्या वर्षी त्याला बघून गोल काढता येतो. चौथ्याच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, आणि पाचाला टेकल्यावर त्रिकोण. तिरप्या रेघा सगळ्यात शेवटी जमतात. इंग्रजी ए मध्ये दोन तिरप्या रेघा आहेत! मनगटातली कित्येक हाडं या वयात अजून कूर्चाच असतात. हाताच्या आधी खांदा आणि दंड घट्ट व्हावे लागतात. त्यासाठी वाळू उपसणं, कणीक मळणं, शेंगा सोलणं, लोंबकळणं, बादलीतलं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात करणं हे सगळं वहीपेक्षा कामाचं. अडीच वर्षांच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेणं म्हणजे आईने लिहिलेलं अक्षर, एवढाच त्याचा अर्थ.

आता रडणं. या विषयावर दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच घरात सुखाने नांदतात. एक, जे मूल रडतं ते तयार नाही. दोन, सगळीच रडतात, आठवड्यात गप्प होतात, लक्ष देऊ नका.

आईपासून दूर जाताना वाटणारी भीती आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होते, दीड वर्षाच्या आतबाहेर सर्वांत तीव्र असते आणि दोन-तीन वर्षांपर्यंत ओसरत जाते. ओसरते, संपत नाही. त्यामुळे दारात रडणं हे जिव्हाळ्याचं साधं लक्षण आहे. आई गेल्यावर पाचदहा मिनिटांत शांत होणारं, खेळणारं, डबा खाणारं आणि आई दिसल्यावर पुन्हा ओठ काढणारं मूल छान रुळतंय, असं समजावं. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुटीनंतर रडू पुन्हा सुरू झालं तरी घाबरायचं कारण नाही. उलट अजिबात न रडता कोपऱ्यात बसून राहणाऱ्या, कशालाच हात न लावणाऱ्या मुलाकडे ताईंचं लक्ष जास्त हवं. शहाणं आहे म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते तसंच राहून जातं.

काही आठवडे उलटले तरी मूल शाळेत काही खात नसेल, घरी झोपेत दचकत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, किंवा एका विशिष्ट माणसाचं नाव काढताच आकसत असेल, तर मात्र "सवय होईल" म्हणत बसू नये. शाळेत जाऊन बघावं, विचारावं, आणि गरज पडली तर काढून घ्यावं. काढून घेणं ही हार नाही.

एक चलाखी मात्र सोडून द्यावी. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने सटकायचं, असा सल्ला अनुभवी मंडळी हमखास देतात. त्याने रडणं टळतं, पण फक्त त्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून मूल खेळात रमायलाच तयार नसतं, कारण रमलं की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. सांगून, टाटा करून, लवकर निघावं. "डबा खाऊन झाला की मी येते," असं त्याला कळणाऱ्या घड्याळात सांगावं, आणि तेव्हा खरंच यावं.

शी-शूबद्दल थोडक्यात. बरीच मुलं दोन ते तीन वर्षांत दिवसा कोरडी राहायला शिकतात, काहींना चौथं लागतं. रात्रीचं तर पाच वर्षांपर्यंत डॉक्टरही दोष मानत नाहीत. डायपर सुटलेला हवा अशी बऱ्याच शाळांची अट असते, आणि म्हणून मे महिन्यात घरोघरी धडक मोहीम निघते. धाक दाखवून केलेली ही घाई जूनमध्ये उलटते. मूल शाळेत तीन तास शू दाबून धरतं. त्यापेक्षा घरी तुम्ही त्याला काय म्हणता ते ताईंना आणि मावशींना सांगा. चड्डी ओली झाल्यावर त्या काय करतात, ते विचारा. उत्तर देताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते बघा.

बोलण्याबद्दलही अशीच घाई. "मुलाखतीत बोललं पाहिजे" म्हणून मराठी घरांत अचानक इंग्रजी सुरू होतं: काऊ राहिला नाही, क्रो आला. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं हा गैरसमज आहे, तसाच घरची भाषा सोडल्याने इंग्रजी लवकर येते हाही. खरी तपासणी वेगळी आहे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला फारसं कळतच नसेल, तर नर्सरीत घातल्यावर सुटेल म्हणून वाट बघू नये. आधी कान तपासून घ्यावेत.

"एकुलतं आहे, मिसळत नाही" हे कारणही दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी फसवं. या वयाची मुलं एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात. मिळून खेळणं हळूहळू तीन-चारनंतर येतं. त्यासाठी सोसायटीचं अंगण पुरतं.

घरात सांभाळायला कोणी नाही, दोघांच्याही नोकऱ्या आहेत, ही अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यापुढे उपदेश करणं सोपं नसतं. फक्त ती नर्सरीने सुटत नाही. तीन तासांची शाळा, मग व्हॅनकाका, मग परत कोणाकडे तरी: अडीच वर्षांच्या जिवाची दिवसात तीनदा हातबदली होते. तिथे लागतं ते चांगलं पाळणाघर, जिथे तीच मावशी, तोच झोपायचा कोपरा, तेच ताट असतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. किती आयांनी ती कधी मागितली असेल?

शाळेनेच मुलाकडे जायचं, हेही आपल्याकडे घडलं आहे. बालशिक्षणाच्या कार्यकर्त्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत होतं, कोणाला अंतर जास्त होतं. मुलं अजून तयार नाहीत असं म्हणून ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ थांबल्या नाहीत. त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. 1975 मध्ये सुरू झालेल्या सरकारी अंगणवाड्यांमागे ही कल्पना आहे. आज तीस हजारांपासून लाखांपर्यंत फी घेणाऱ्या शाळा दोन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेतात, तेव्हा उलट्या दिशेने किती लांब आलो ते दिसतं. मुलाच्या तयारीची यादी सगळ्यांकडे असते. शाळेच्या तयारीची यादी कोणी मागत नाही.

ती मागण्याचा हक्क पालकांना आहे. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं म्हटलं आहे. तुमचं मूल जूनमध्ये अडीचचं असेल, तर पहिला आकडा त्याला लागू. वर्गात पंचवीस मुलं आणि एक टीचर असेल तर मूल कितीही चुणचुणीत असो, तिथे त्याची तयारी अपुरीच पडणार. पहिले काही दिवस आईला किंवा आजीला वर्गात बसू देतात का? सुरुवातीला एकच तास ठेवून हळूहळू वेळ वाढवतात का? झोप आलेल्या मुलाला आडवं व्हायला जागा आहे का? तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते, त्यात दुपारची डुलकीही आली.

जागा जाईल ही भीती मला कळते. काही शाळांत नर्सरीलाच दार उघडतं आणि नंतर ज्युनिअर केजीत दोनचार जागाच उरतात. पण ती जागेची अडचण आहे, मुलाच्या तयारीचा पुरावा नव्हे, एवढं तरी निर्णय घेताना मनात वेगळं ठेवावं. फॉर्म भरण्याआधी वर्ग चालू असताना अर्धा तास मागे बसू द्याल का, असं शाळेला विचारा. नाही म्हणाले, तर दुसरी शाळा बघा.