विदर्भातील दोन मित्र आणि एक अद्भुतकथा

अद्भुतरम्य कादंबरीची मराठी वाचकाची आवड फार जुनी. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नाथमाधवांचा 'वीरधवल' १९१३चा. वेषांतरे, कारस्थाने, मेला म्हणून ज्याचे दिवस घातले तोच दारात उभा राहणे, या साऱ्याला आपण भुलतो. परंतु एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुषच नायक म्हणून साहसाला निघाले तर? अमेरिकन लेखिका एलन कुशनर यांच्या 'स्वोर्डस्पॉइंट' (१९८७) या कादंबरीत एक तलवारबहाद्दर आणि एक विद्यार्थी असे नायक आहेत. आपल्याकडे हे कसे चालावे, असे कोणी म्हणेल. त्यांना मी शिवलीलामृताकडे बोट दाखवीन.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण घरात ग्रंथ मुळीच नव्हता असे नव्हे. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली पूर्ण केलेली ही पोथी श्रावण सोमवारी आमच्याकडे वाचली जाते. आजीला अक्षरओळख नाही, तरी सीमंतिनीचे आख्यान तिला तोंडपाठ आहे. आपल्या जिल्ह्यातले कारंजे ही नृसिंहसरस्वतींची जन्मभूमी. त्यांच्या गुरुचरित्रातही सीमंतिनी भेटते. तिचा नवरा चंद्रांगद यमुनेत बुडतो, नागकन्या त्याला पाताळात तक्षकाकडे नेतात आणि तो जिवंत परत येतो. एवढ्यावरच एखादी कादंबरी उभी राहील! पण माझा जीव अडकला तो त्याला जोडून येणाऱ्या सुमेधा आणि सोमवंत यांच्या कथेत.

हे दोघे विदर्भातलेच. दोघांचे वडील मित्र, मुले एकत्र शिकलेली. विद्या झाली, पण लग्नाला पैसा नाही. (शिक्षण पुरे करून रिकाम्या खिशाने बसलेले तरुण आपल्याकडे पुराणकाळापासून आहेत, हे वाचून मला बरे वाटले.) ते राजाकडे जातात, तर राजाला थट्टा सुचते. सीमंतिनी दर सोमवारी दांपत्यांना उमा-महेश्वर मानून पूजते, दक्षिणा देते. तुमच्यापैकी एकाने स्त्रीवेष घ्या आणि जा! ही फसवणूक आहे असे मुले सांगून पाहतात, पण राजाज्ञा मोडवत नाही. सोमवंत साडी नेसतो. सीमंतिनी सोंग ओळखते, किंचित हसते आणि तरीही मनोभावे दोघांची पूजा करते. परतीच्या वाटेवर, रानात, सोमवंत खरोखरच स्त्री झालेला असतो. तो, नव्हे ती, सुमेधाजवळ प्रेमाची याचना करते. मित्र थट्टा करतो आहे असे सुमेधाला आधी वाटते. मग तो घाबरतो.

आता आक्षेप उघड आहे. ही समलिंगी प्रेमाची कथा कुठे झाली? सोमवंताला बाई केल्यावरच कथाकाराने लग्न लावले. आक्षेप खरा आहे, तो मी झटकून टाकीत नाही. पण पुढचे पाहा. गावात हाहाकार उडतो. सोमवंताचा बाप रडतो, राजा पस्तावतो, देवीची आराधना होते. 'याला पुन्हा पुरुष कर' ही मागणी या मोठ्यांची आहे. ज्याच्यावर हे ओढवले, तो सोमवंत मात्र परत पूर्वीसारखे व्हायचे म्हणत नाही. त्याला सुमेधा हवा आहे. आणि देवी काय सांगते? सीमंतिनीच्या भक्तीने घडले ते मलाही फिरवता येणार नाही. बापाला दुसरा पुत्र होईल, या दोघांचे लग्न लावा.

रूथ वनिता आणि सलीम किदवाई यांनी भारतीय साहित्यातील समलिंगी प्रेमावर २००० साली जो संग्रह काढला, त्यात स्कंदपुराणातील ही मूळ कथा घेतली आहे, ती उगीच नव्हे.

आधुनिक मराठीने हा विषय गंभीरपणे हाताळला. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. दोन्ही थोर. पण मित्रा शेवटी जीव देते, आणि तनयच्या वाट्याला विरह येतो. वाचून मन जड होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे प्रेम गुन्हा नसल्याचा निकाल दिला, तरी मुलांच्या खोल्यांत तो शब्द अजून शिवीसारखाच वापरला जातो. तिथे गप्प बसून ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला वाचायला फक्त दुःखच का द्यावे? त्यालाही रान, वेषांतर, पाताळ, घोडा आणि सुखरूप घरी परतणे हवे असेल. मलाही हवे असते. सुमेधा-सोमवंतांची वाट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा 'आता पुढे काय?' एवढेच मनात होते. समस्या वगैरे नंतर सुचली.

लग्न लागते आणि पोथी दुसऱ्या कथेकडे वळते. ते दोघे पुन्हा त्या रानातून गेले का, गावाने त्यांना कोणत्या नावाने हाक मारली, सोमवंताला आपला जुना आवाज आठवत होता का, हे सारे कोरेच राहिले आहे. आपल्या वर्गातल्या कोणी कादंबरी लिहायला घेतलीच, तर सुरुवात तिथून करता येईल.