समानुभूती आणि अतींद्रिय ज्ञान : पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात एक संकल्पनात्मक विवेचन

प्रस्तावना

दुसऱ्याच्या मनातील गोष्ट न सांगता ओळखणाऱ्या व्यक्तीला मराठीत ‘मनकवडा’ म्हणतात. सुनेचा उतरलेला चेहरा पाहून तिला माहेरची आठवण झाली आहे हे ताडणाऱ्या सासूला हा शब्द लावला जातो आणि अनोळखी माणसाचे गतायुष्य सांगण्याचा दावा करणाऱ्या बुवालाही तो लावला जातो. पहिल्या प्रसंगी समानुभूती कार्यरत असते, तर दुसऱ्या प्रसंगी अतींद्रिय शक्तीचा दावा केलेला असतो. बोलण्यात हा फरक सहज पुसला जातो. आजारपण, मानसिक अस्वास्थ्य किंवा कौटुंबिक संकट यांच्या वेळी मात्र तो न ओळखल्याची किंमत मोठी असते. पेण व रोहा तालुक्यांतील गावे आणि आदिवासी वाड्या यांतून भगत, देवऋषी व ‘अंगात येणे’ यांची परंपरा दीर्घकाळ चालत आलेली असल्याने या परिसराच्या संदर्भात हा भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात दोन्ही संकल्पनांचे स्वरूप, त्यांच्यात होणाऱ्या गल्लतीची कारणे आणि भेद ओळखण्याच्या कसोट्या यांचे विवेचन केले आहे.

संकल्पनांचे स्वरूप

सहानुभूतीत दुसऱ्याच्या दुःखाविषयी करुणा वाटते. समानुभूतीत त्या दुःखाकडे त्याच्या जागेवरून पाहिले जाते. जर्मन विचारवंत रॉबर्ट व्हिशर याने १८७३ मध्ये कलाकृतीशी होणाऱ्या भावनिक तादात्म्यासाठी ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द वापरला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर याने १९०९ मध्ये त्यावरून ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द घडविला. मानसशास्त्रात तिची प्रामुख्याने दोन अंगे मानली जातात. दुसऱ्याची भावना स्वतःला जाणवणे हे भावनिक अंग, तर त्याचा विचार समजून घेणे हे बोधात्मक अंग होय.

ही क्षमता ज्ञानेंद्रियांवर अवलंबून असते. चेहऱ्यावरील सूक्ष्म बदल, आवाजाची पट्टी, बोलताना घेतलेला विराम, देहबोली आणि पूर्वपरिचय ही तिची साधने होत. टानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराला वेदना दिली जात आहे हे कळताच स्त्रियांच्या मेंदूतील वेदनेच्या भावनिक बाजूशी संबंधित भाग सक्रिय झाल्याचे दिसून आले. वेदनेच्या शारीरिक संवेदनेशी संबंधित भाग मात्र तसा सक्रिय झाला नाही. याचा अर्थ असा की, समानुभूतीतही दुसऱ्याची वेदना जशीच्या तशी आपल्यात येत नाही. आपले मन तिची स्वतःपुरती प्रतिमा उभी करते.

अतींद्रिय ज्ञानाचा दावा याहून वेगळा आहे. कोणत्याही ज्ञात इंद्रियाच्या मध्यस्थीशिवाय दुसऱ्याचे विचार, दूरच्या घटना किंवा भविष्य कळते, असे त्यात मानले जाते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांच्या संचाद्वारे या दाव्याचा प्रायोगिक अभ्यास केला. अशा संचात निव्वळ अंदाजानेही सरासरी ५ उत्तरे बरोबर येतात. त्याहून सातत्याने अधिक यश मिळाले, तरच वेगळ्या शक्तीचा विचार करता येतो. ऱ्हाइन यांनी तसे यश नोंदविले. तथापि कडक नियंत्रणाखाली इतरांना ते सातत्याने मिळविता आले नाही. डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले भविष्यज्ञानविषयक निष्कर्षही २०१२ मधील पुनर्प्रयोगांत टिकले नाहीत. अतींद्रिय ज्ञानाला विज्ञानमान्य आधार आजवर मिळालेला नाही.

गल्लत का होते?

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा एक घोडा गणिते सोडवितो, अशी ख्याती होती. तो खुराचे ठोके देऊन उत्तर सांगत असे. ऑस्कर फुंग्स्ट याने केलेल्या पद्धतशीर परीक्षणातून १९०७ मध्ये त्याचे रहस्य उलगडले. योग्य ठोका जवळ येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील व मानेचा ताण नकळत बदलत असे आणि तो बदल घोड्याला दिसत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला की हान्स चुकत असे. मालकाने लबाडी केली नव्हती. घोड्याचे निरीक्षण खरोखरच विलक्षण होते, लोकांनी त्याला दिलेले नाव तेवढे चुकीचे होते.

मनुष्याच्या बाबतीतही असेच घडते. पेण तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीवरचा भगत घरोघरची परिस्थिती जाणून असतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब कोणते, मुकादमाची उचल कोणावर बाकी आहे, कोणाच्या घरी मूल दगावले, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. हमरापूर-जोहे परिसरातील गणपतीच्या कारखान्यात हंगामाच्या तोंडावर कोणती चिंता असते किंवा रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला कशाची भीती असते, हे परिसरात राहणाऱ्या कोणालाही उमजू शकते. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची त्यात भर पडली की ‘घरात पैशावरून ताण आहे’ हे उद्गार सहज सुचतात. ऐकणाऱ्याला तो साक्षात्कार वाटतो. अनेकदा सांगणाऱ्यालाही तसेच प्रामाणिकपणे वाटते, कारण आपण हे कशावरून ओळखले याची त्याला स्वतःला जाणीव नसते.

ऐकणाऱ्याचे मनही या प्रक्रियेत सहभागी असते. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व-वर्णन म्हणून एकच मजकूर दिला. त्याच्या अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम विधानात प्रत्येक जण आपला अर्थ भरतो. शिवाय खरे ठरलेले बोल स्मरणात राहतात आणि फसलेले विसरले जातात.

संकेत काढून घेतल्यावर काय उरते?

दावा समानुभूतीचा आहे की अतींद्रिय शक्तीचा, हे तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्यक्ष भेट, परिचय व देहबोली हे संकेत काढून घेणे. महाराष्ट्रात या प्रकारची एक महत्त्वाची चाचणी फलज्योतिषाच्या संदर्भात झाली. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने २००८ मध्ये ती योजली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या एकत्र करण्यात आल्या. प्रत्येक सहभागी ज्योतिषाला त्यांपैकी ४० कुंडल्या पाठवून मूल कोणत्या गटातील आहे हे ओळखण्यास सांगितले गेले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. एकत्रित अचूकता ४६ टक्के होती, म्हणजे नाणेफेकीतून अपेक्षित असलेल्या ५० टक्क्यांच्या आसपासच. ज्योतिष आणि मनकवडेपणा या गोष्टी भिन्न असल्या, तरी चाचणीचे तत्त्व दोहोंना लागू पडते. माणूस समोर नसताना जे ज्ञान नाहीसे होते, ते मुळात त्या माणसाकडूनच मिळत असते.

समानुभूतीची मर्यादा

समानुभूती वास्तव असली तरी ती अचूक नसते. विल्यम इक्स यांच्या प्रयोगांत अनोळखी व्यक्तींनी परस्परांच्या मनातील विचारांचे केलेले अंदाज साधारणतः पाचव्या हिश्श्याइतकेच बरोबर ठरले. निकटच्या मित्रांचे यश त्याहून अधिक, पण तेही निम्म्यापेक्षा बरेच कमी होते. टाल इयाल, मेरी स्टेफेल व निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांच्या मालिकेतील निष्कर्ष येथे विशेष मार्गदर्शक आहे. स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पिल्याने अंदाजाची अचूकता वाढली नाही. प्रत्यक्ष विचारून दृष्टिकोन जाणून घेतल्याने मात्र ती वाढली.

विचारण्याचे हे सामर्थ्य सामाजिक जीवनातही प्रत्ययास येते. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले आचार्य विनोबा भावे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी गेले. भूमिहीन हरिजनांची गरज त्यांनी गृहीत धरली नाही, त्यांनाच विचारली. ८० एकर जमीन हवी, असे उत्तर मिळाले. विनोबांनी ती गरज सभेपुढे मांडताच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदानाचा आरंभ झाला.

भेदाच्या कसोट्या

वरील विवेचनावरून पुढील चार कसोट्या मांडता येतात.

१) ज्ञानाचा मार्ग : ‘हे कशावरून ओळखले?’ या प्रश्नाला समानुभूतीत उत्तर असते. ते शोधावे लागले तरी सापडते. अतींद्रिय दाव्यात मार्ग गूढ ठेवला जातो.

२) चुकीला वाव : समानुभूतीने केलेला अंदाज चुकू शकतो आणि दुरुस्त होतो. अतींद्रिय दावा फसल्यास दोष ऐकणाऱ्याच्या श्रद्धेवर किंवा राहून गेलेल्या विधीवर टाकला जातो.

३) संबंधिताचे स्थान : समानुभूतीत स्वतःच्या मनाविषयी अंतिम शब्द त्या व्यक्तीचा असतो. अतींद्रिय दाव्यात तो सांगणाऱ्याकडे जातो.

४) परिणाम : समानुभूती माणसाला योग्य मदतीकडे नेते. अतींद्रिय दावा त्याला दावेदाराशीच बांधून ठेवतो.

आरोग्य व कायद्याचा संदर्भ

उदाहरणादाखल, रोहा तालुक्यातील एका गावातील नवविवाहितेची झोप उडाली आहे, ती जेवत नाही, एकटीच पुटपुटते, अशी कल्पना करता येईल. समानुभूतीने पाहणारी शेजारीण म्हणते, “बाय, तुला बरं वाटत नाही असं दिसतंय. काय होतंय?” देवऋषी म्हणतो, “बाहेरची बाधा आहे.” पहिल्या वाक्यातून संवाद सुरू होतो आणि उपचाराची वाट मोकळी होते. दुसऱ्या वाक्याने प्रश्नच संपतात. उतारे व अंगारे यांत महिने गेले तर आजार बळावतो. बाधेचे खापर गावातीलच एखाद्या स्त्रीवर फोडले गेले तर तिचेही जीवन उद्ध्वस्त होते.

स्वतःविषयी असा अनुभव सांगणाऱ्या व्यक्तीकडेही समजूतदारपणे पाहावयास हवे. दुसऱ्याच्या दुःखाने लवकर व्याकूळ होणे हा स्वभावविशेष असू शकतो. परंतु ‘इतरांचे विचार माझ्या डोक्यात येतात’ किंवा ‘माझे विचार सर्वांना ऐकू जातात’ असे सतत वाटू लागणे, हे मानसिक आजाराचे लक्षण असू शकते. अशा व्यक्तीला देवत्व किंवा दूषण न देता मनोविकारतज्ज्ञांकडे नेणे आवश्यक आहे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असून ती दुर्गम वाडीवरूनही उपयोगी पडू शकते.

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. अलौकिक शक्तीचा दावा करून फसविणे किंवा दहशत बसविणे, तसेच साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे यांसाठी त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पूजा, वारी, कीर्तन यांना या कायद्याची बाधा नाही. त्याचा रोख फसवणूक व शोषण यांवर आहे.

निष्कर्ष

समानुभूती ही निरीक्षण, परिचय व संवाद यांतून वाढणारी मानवी क्षमता आहे, तर अतींद्रिय ज्ञान हा पुराव्याअभावी असिद्ध राहिलेला दावा आहे. पेण-रोहा परिसरातील भगताकडे लोक वळतात, त्यामागे आपले कोणी ऐकून घ्यावे ही रास्त गरजही असते. त्यामुळे केवळ खंडन पुरेसे नाही. आशा कार्यकर्ती, शिक्षक व प्राध्यापक यांनी ऐकण्याचे आणि विचारण्याचे कौशल्य आत्मसात केले, तर ती गरज शोषणाविना भागू शकेल. वाडीचा विश्वास लाभलेल्या भगतालाही या कामी सोबत घेता येईल. ज्याला घराघराचे दुःख ठाऊक आहे, त्याने “आधी दवाखान्यात जा” असे सांगितले तर ते ऐकले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.